सार्वजनिक विद्यापीठाचा कारभार, पैसा आणि करार (ग्रामीण विदर्भ)

सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे राज्याच्या कायद्याने उभं राहिलेलं, सरकारी अनुदान आणि पोरांच्या फीवर चालणारं विद्यापीठ. विदर्भात अशी सर्वसाधारण विद्यापीठं तीन: नागपूरचं 1923 चं, अमरावतीचं 1983 चं, आणि गडचिरोलीचं गोंडवाना, जे 27 सप्टेंबर 2011 ला चंद्रपूर अन् गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूर विद्यापीठातून वेगळे काढून झालं. त्याच्या आधी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरच्या सिरोंच्याच्या पोराला मार्कशीटवरचं नाव दुरुस्त करायला आधी गडचिरोलीपर्यंत 200 किलोमीटर आणि तिथून पुढं नागपूरपर्यंत साधारण 170 किलोमीटर एस्टीने जावं लागायचं, म्हणून वेगळ्या विद्यापीठाची मागणी ही काही फक्त पुढाऱ्यांची हौस नव्हती.

कारभार चालतो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे. राज्यपाल हे कुलपती. शोध समिती नावं सुचवते, त्यातून कुलपती कुलगुरू नेमतात, मुदत 5 वर्षं. रोजचं दप्तर कुलसचिवांकडे, हिशेब वित्त व लेखा अधिकाऱ्याकडे, अभ्यासक्रमाचं विद्या परिषद बघते आणि रोजच्या मोठ्या निर्णयांचं व्यवस्थापन परिषद. पण बजेटचा शेवटचा शब्द अधिसभेचा, म्हणजे सिनेटचा. आणि लोकांनी खरं लक्ष द्यायला पाहिजे ते इथंच.

सिनेटमध्ये प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक यांच्यासोबत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले 10 जण बसतात. म्हणजे कोरची, भामरागडसारख्या गडचिरोलीच्या आडवळणाच्या तालुक्यातल्या बीए झालेल्या पोरीलाही मत आहे, पण नाव नोंदवलं असेल तरच. आपल्याकडे घोळ असा होतो की लोक याला विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ समजतात, तिथं नाव आहे ना मग झालं, असं म्हणून मोकळे होतात, आणि सिनेटची यादी पूर्ण वेगळी असते, तिचा फॉर्म वेगळा, कागद वेगळे, नोंदणीची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागून निघून जाते आणि गावातल्या पदवीधराला पत्ताच नसतो. मग यादीत शहरातली नावं जास्त आणि संघटनांनी गोळा केलेले फॉर्म जास्त. माझ्या मते फीवाढ, परीक्षा केंद्र कुठं द्यायचं, बस नसलेल्या गावच्या पोरांनी सकाळी 8 च्या पेपरला कसं पोचायचं, हे प्रश्न सिनेटमध्ये नीट निघत नाहीत त्याचं अर्धं कारण ही यादी आहे.

आता पैसा. मंजूर पदांचे पगार राज्य सरकार देतं. पद भरलंच नाही तर तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांचेच पैसे देऊन, माणूस घ्यावा लागतो. विद्यापीठाची स्वतःची कमाई म्हणजे परीक्षा फी, संलग्नीकरण फी (कॉलेज विद्यापीठाला जोडून घेण्याची) आणि सेल्फ फायनान्स कोर्स, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय पोरांच्या फीवर चालणारे. ज्या विद्यापीठाखालचे बहुतेक पोरं आदिवासी, धान शेतकऱ्याच्या अन् मजुराच्या घरचे, तिथं फी वाढवून किती वाढवणार? केंद्राच्या पैशाला आणखी एक अट आहे, 17 जून 1972 नंतर झालेल्या विद्यापीठाला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या 12 ब कलमाखाली पात्र ठरल्याशिवाय केंद्राचं अनुदान मिळत नाही. उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या योजनांतूनही पैसे येतात, आधी रूसा (2013) आणि मग तिच्या जागी आलेली पीएम-उषा (2023), त्यात सर्वसाधारणपणे केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40 टक्के.

मग उरतात भागीदाऱ्या. विदर्भात खाणीचा पैसा विद्यापीठात येणं नवीन नाही. कामठीचे मँगनीजचे व्यापारी रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 साली मृत्युपत्रातून नागपूर विद्यापीठाला 35 लाखांच्या आसपास रक्कम दिली, त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, आणि 2023 मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. आज एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजावर चालणाऱ्या लॉइड्स मेटल्स कंपनीसोबत गोंडवाना विद्यापीठाने गडचिरोलीत अभियांत्रिकीची संस्था काढली आहे. फरक लक्षात घ्या, तेव्हा देणारा माणूस मृत्युपत्र करून बाजूला झाला होता, आता देणारी कंपनी त्याच जिल्ह्यात खाण चालवते आहे, म्हणून जागा किती स्थानिक पोरांना, फी कोण ठरवणार, कंपनीने उद्या हात काढला तर शिक्षकांचे पगार कोण करणार, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असावं आणि तो करार सिनेटसमोर उघडा असावा. पोरांना जवळ इंजिनिअरिंग मिळतंय ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही.

असा लेखी कागद नसला की काय होतं ते पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्याला माहीत आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात आपल्या शेतात वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी धान निवडलं. 1990 च्या दशकात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ते बियाणं नेऊन पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण काढला (पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, तेच अकोल्याचं). शुद्धीकरण आम्ही केलं असं विद्यापीठाचं म्हणणं, पण ज्याच्या बांधावर ते धान सापडलं त्याचं नाव वाणाला लागलं नाही आणि पैसाही आला नाही. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांचा सन्मान राष्ट्रीय पातळीवर झाला, तो दुसऱ्या संस्थेने केला.

त्यामुळे गावासोबतच्या भागीदारीकडे नीट बघायला पाहिजे. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने गोंडवाना विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र चालतं, वनउपज आणि गावातल्या रोजगाराशी जोडलेलं. इथं दुसरा भागीदार कंपनी नसून ग्रामसभा असते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून आपलं जंगल वापरायचे अन् सांभाळायचे हक्क, मिळाले, नंतर जिल्ह्यात शेकडो गावांना मिळाले. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलाच्या जैवविविधतेवरचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा गावाचा सामूहिक हक्कही लिहिलेला आहे. म्हणजे एखादा प्राध्यापक वैद्याकडून जडीबुटीची माहिती घ्यायला किंवा मोहफुलाच्या प्रक्रियेवर प्रयोग करायला गावात आला, तर आधी ग्रामसभेत बसून गोंडी किंवा माडिया या तिथल्या आदिवासी भाषेत सगळं समजावून सांगणं, ठराव घेणं, आणि त्याची एक प्रत गावाच्या दप्तरात ठेवणं हे त्याचं काम आहे.