वाचनालय आणि अभिलेखागार: नागपूरची एसटी धरण्याआधी

भंडारा-गोंदियाकडच्या कुठल्याही गावात मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाण्यावरून वाद पेटला, की पारावरचा एक जण छातीठोकपणे सांगतो, "नागपूरच्या लायब्ररीत सारे जुने कागद भेटतात." दुसरा त्यात अजब बंगला घुसवतो. मग चौघं जण नागपूर गाठतात आणि गॅझेटियरच्या एका पानाची झेरॉक्स घेऊन परततात. अर्जाला जोडलेल्या असल्या झेरॉक्स पाहून आता वीट आलाय.

अजब बंगल्याचं आधी उरकून टाकू. ते १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. मूर्ती, नाणी, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी. पोरांना जरूर दाखवा. तलावाचा कागद तिथे शोधायला जाऊ नका.

वाचनालय कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. छापील पुस्तकं, विषयवार कपाटं, वर्गणी भरली की घरी नेता येतात. अभिलेखागार म्हणजे सरकारी खात्यांचे जुने कागद जपून ठेवायची जागा; तिथून काही घरी नेता येत नाही, ओळखपत्र लागतं, आधी अर्ज करावा लागतो. हे फरक तिथे गेलं की पाच मिनिटांत कळतात.

लोक अडतात ते मांडणीपाशी. वाचनालयात 'तलाव' म्हटलं की ग्रंथपाल तुम्हाला सिंचनाच्या कपाटापाशी नेतो, कारण पुस्तकं विषयानुसार लावलेली असतात. अभिलेखागारात कागद विषयाप्रमाणे लावतच नाहीत. ज्या खात्याच्या कामकाजात तो कागद तयार झाला, त्या खात्याच्या दप्तरात, त्या सालात तो राहतो. मुद्दामच तसा ठेवतात, कारण शेजारचं पत्र काढून घेतलं तर हे पत्र कशाला उत्तर म्हणून लिहिलंय तेच कळणार नाही. म्हणून खिडकीवर जाऊन "आमच्या गावचं काय आहे?" असं विचारलंत तर समोरचा माणूस तुमच्याकडे नुसता बघत राहील. तो आळशी आहे म्हणून नव्हे, तुमचा प्रश्नच वाचनालयातला आहे म्हणून.

प्रश्न उलटा करायचा. समजा, तलावाची पाळ फुटली होती आणि दुरुस्ती कोणी करायची यावर मालगुजार, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार, आणि सरकार यांच्यात लिखापढी झाली होती. ती कोणाच्या टेबलावर गेली असेल? महसूल खात्याच्या, की बांधकाम खात्याच्या? अंदाजे कोणत्या साली? खातं आणि साल हाती असेल तर सूची उघडायची, क्रमांक उतरवायचा, मागणीची चिठ्ठी द्यायची. गावाचं नाव सूचीत बहुधा नसतंच. ते फाईलच्या पोटात, एखाद्या परिच्छेदात असतं. आणि टिपणं पेन्सिलनेच घ्या. पुस्तकावर शाई सांडली तर दुसरी प्रत कुठेतरी असते, या कागदाची नसते.

१९०८ चं भंडाऱ्याचं गॅझेटियर हे पुस्तक आहे, चांगलं पुस्तक आहे. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांबद्दल त्यात वाचण्यासारखं आहे. पण ते जिल्ह्याचं वर्णन आहे. तुमच्या तुडुमाचं, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दाराचं, पाणी आधी कोणाच्या भाताच्या बांधीत जायचं, हे त्यात कशाला असेल?

ते बहुतेक अभिलेखागारातही नसतं, आणि माझा खरा राग इथेच आहे. पाणी, वाट, मासेमारी यांच्या वहिवाटीची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये असते. चराई, सरपण यांची निस्तार पत्रकात. १९६६ च्या महसूल संहितेत दोन्ही आहेत, कलम १६५ आणि १६१. हे कागद रोजच्या कारभारातले आहेत, म्हणून ते तहसीलीत किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात बघायचे. तिथे नकलेचा अर्ज टाका, शिक्क्याची नक्कल घ्या. वादात चालते ती ही नक्कल. तिच्यासाठी नागपूरचं तिकीट काढायची गरज नाही.

मग अभिलेखागार कशासाठी? नक्कल हातात आली आणि तरी "ही वहिवाट मोडली कधी, आणि कोणाच्या हुकमाने?" असा प्रश्न उरला, की त्यासाठी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. त्याच्या आगेमागे सरकारी खात्यांची आपसात जी पत्रं फिरली, ती तहसीलीतल्या नोंदवहीत सापडायची नाहीत. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने तर अभिलेखागारात बैठकच मारावी.

जायचंच असेल तर जुना जिल्हा पाठ करून जा. गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, आणि चंद्रपूरही जुन्या कागदांत 'चांदा' आहे. वऱ्हाडातल्यांचं गणित आणखी वेगळं: १८५३ पासून तो मुलूख निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या कारभारात होता, मध्य प्रांताला, म्हणजे नागपूर ज्यात होतं त्या इंग्रजी प्रांताला, तो १९०३ मध्ये जोडला गेला. त्यामुळे अकोल्याच्या माणसाने १८९० सालचा कागद मध्य प्रांताच्या सूचीत शोधू नये; वऱ्हाडची सूची वेगळी मागावी.