नोटांचा छापखाना कोणाच्या ताब्यात? रिझर्व्ह बँकेमागचा जुना वाद

व्याजदरावरून सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात ओढाताण सुरू झाली की ते आजचे राजकारण वाटते. मुळात हा वाद बँकेपेक्षाही जुना आहे.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क ब्रिटिश सरकारने आपल्याकडे घेतला. पुढे १९२१ मध्ये बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका मिळून इम्पीरियल बँक झाली आणि पतपुरवठ्याची बरीचशी सूत्रे तिच्याकडे गेली. चलन एकाकडे, पत दुसऱ्याकडे. भारताच्या चलनव्यवस्थेचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ च्या अहवालात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले आणि स्वतंत्र मध्यवर्ती बँक सुचवली.

या आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती. त्यांच्या रुपयावरील १९२३ च्या ग्रंथातूनच रिझर्व्ह बँक जन्मली, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. तेवढे थेट म्हणता येणार नाही. पण त्यांचा मुद्दा त्याहून मोलाचा आहे: रुपये पाडण्याची टांकसाळ जनतेला बंद आहे, तशी सरकारलाही बंद करा. मनाला येईल तेव्हा चलन वाढवण्याची मोकळीक राज्यकर्त्यांना मिळाली, की महागाईचा मार गरिबाला बसतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९२७ चे विधेयक बारगळले. बँक भागधारकांची असावी की सरकारची, यावर एकमत होईना. अखेर १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी ५ कोटी रुपयांच्या खासगी भांडवलावर बँक सुरू झाली. मुख्यालय आधी कलकत्त्यात होते, ते १९३७ मध्ये मुंबईला आले. १९४३ मध्ये महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धोत्तर जागतिक नाणेव्यवस्था ठरवणारी ब्रेटन वुड्सची परिषद, फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानचेही चलन सांभाळणे आणि १ जानेवारी १९४९ चे राष्ट्रीयीकरण, हे सगळे त्यांच्याच कारकिर्दीतले.

राष्ट्रीयीकरणाने मालक बदलला, जुना प्रश्न मात्र तसाच राहिला. १९५५ पासून केंद्राच्या खात्यात पैसे कमी पडले की तात्पुरत्या हुंड्या, म्हणजे ‘अ‍ॅड हॉक’ ट्रेझरी बिले, बँकेच्या माथी मारली जात आणि बँक नवा पैसा पुरवी. ‘तात्पुरत्या’ म्हणवणाऱ्या या हुंड्या चार दशके टिकल्या! सरकार आणि बँक यांच्यातल्या १९९४ च्या करारानंतर, एप्रिल १९९७ पासून त्या बंद झाल्या. माझ्या मते बँकेच्या स्वायत्ततेतला सर्वांत मोठा टप्पा हाच, आणि त्याचीच सर्वांत कमी चर्चा होते.

२०१६ मध्ये व्याजदर ठरवायला सहा जणांची पतधोरण समिती आली. महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, फार तर दोन टक्के वर-खाली. सलग तीन तिमाही हे जमले नाही, तर बँकेने सरकारला लेखी कारणे द्यायची. २०२२ मध्ये ती वेळ आली. पत्र गेले, पण ते जाहीर झाले नाही. ज्यांच्या खिशाला महागाईची झळ बसली, त्यांना ते वाचायला मिळायला हवे होते.