सोनाटाची तालीम

सोनाटाची तालीम : पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सोनाटा, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, तरुण पियानोवादकाकडून बिनचूक आणि त्याबरोबरच अर्थपूर्ण वाजवून घेण्याची शिक्षणपद्धती. सोनाटात कोणता सूर, किती वेळ, किती जोराने हे रचनाकाराने बरेचसे लिहूनच ठेवलेले असते. मग गुरूने शिकवायचे काय? ख्यालाच्या तालमीत बंदिश गळ्यात बसली की पुढे बढत असते. सोनाटात सहसा सुरांची भर घालायची नसते. लिहिलेल्या सुरांतला श्वास, त्यांचे वजन, एका वाक्याने दुसऱ्याला दिलेले उत्तर शोधायचे असते. हे शोधायला कसे शिकवावे, याचे एक जिवंत उदाहरण व्होल्फगांग आमाडेउस मोझार्टच्या पत्रांत सापडते.

मोझार्ट ३० ऑक्टोबर १७७७ रोजी आईसोबत जर्मनीतील मानहाइम शहरी पोहोचला. वय २१, खिशात नोकरी नाही. तेथील दरबारी वाद्यवृंदाचे प्रमुख क्रिस्तियान कानाबिश यांच्या घरी त्याचे रोजचे येणे-जाणे सुरू झाले आणि त्यांची किशोरवयीन मुलगी रोझा त्याच्याकडे पियानो शिकू लागली. तिच्यासाठी त्याने लिहिलेला सोनाटा म्हणजे सी मेजर या सप्तकातला के. ३०९ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या कोशेल-सूचीतला क्रमांक). त्याचे तीन भाग आहेत : जोमदार अलेग्रो, मधला संथ आंदांते आणि शेवटचा रोंदो, ज्यात मुख्य विषय पुन्हा पुन्हा परततो. आंदांते आपण रोझाच्या स्वभावावर बेतला असल्याचे त्याने वडिलांना कळवले. मुलगी गंभीर, कमी बोलणारी, पण बोलली की गोड. जसा आंदांते तशी ती, असा त्या पत्राचा आशय आहे.

१४ नोव्हेंबरचे पत्र या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. आंदांते आपल्याला सर्वांत जास्त त्रास देणार, कारण तो भावाने भरलेला आहे आणि लिहिलेले फोर्ते व पियानो, म्हणजे मोठा व हळू आवाज, नेमके आणि रुचीने वाजवले पाहिजेत, असे मोझार्ट त्यात म्हणतो. भाव आणि नेमकेपणा त्याने एकाच वाक्यात सांगितले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आधी सूर पाठ करू, भाव नंतर घालू, ही वाट त्याला मान्य नसावी. आंदांतेत मोठा-हळू यांच्या खुणा इतक्या जवळजवळ येतात की त्या वगळून सराव केला तर सराव दुसऱ्याच कोणत्या तरी रचनेचा होतो. मानहाइमचा वाद्यवृंद आवाजाच्या अशाच चढउतारांसाठी युरोपभर गाजलेला होता. रोझाच्या कानांवर ते घरातच पडत असणार. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांना मात्र सोनाटात मानहाइमच्या नखरेल शैलीचा थोडा वास आला.

पण कान तयार असूनही हात तयार नव्हते. रोझा हुशार आहे, पटकन शिकते, उजवा हात फार चांगला आहे, डावा मात्र पार बिघडलेला, असे निदान त्याच पत्रात आहे. वाजवताना तिला धाप लागे. ते पाहून मोझार्टला तिची दया येई, कारण दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. तिला कोणी वेगळे दाखवलेच नव्हते. आपण तिचे रीतसर गुरू असतो तर सगळे संगीत कुलूपबंद केले असते, पट्ट्यांवर रुमाल टाकला असता आणि आधी उजव्या, मग डाव्या हाताने, सुरुवातीला अगदी सावकाश, तानवजा पॅसेज आणि अलंकार घोटून घेतले असते, असे त्याने तिला व तिच्या आईला सांगितले. सोनाटाचा अर्थ समजावताना इतका मागे, थेट बोटांपर्यंत जाणारा शिक्षक विरळा. हाच या तालमीचा सर्वांत खरा धडा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते : जिचा डावा हात अडखळतो तिला ‘भावपूर्ण वाजव’ म्हणणे अन्याय आहे.

डाव्या हाताला इतके महत्त्व का? तबल्याचा ठेका धरून ठेवावा तसे काम तो करतो. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी आउग्सबुर्गहून लिहिलेल्या पत्रात मोझार्टने सांगितले होते की संथ भागात उजवा हात लयीशी खेळला तरी डाव्याला त्याची खबर नसावी. त्याच पत्रात पियानो वाजवणाऱ्या आठ वर्षांच्या नानेट श्टाइनवर त्याने कडक टीका केली : तोंडे वेडीवाकडी करते आणि संगीतातली सर्वांत आवश्यक, सर्वांत अवघड गोष्ट, लय, तिला कधी साधणार नाही. ही नानेट पुढे नानेट श्ट्रायखर या नावाने व्हिएन्नातली नामवंत पियानो-निर्माती झाली. मुलांविषयीची भाकिते जपून करावीत.

वाद्याचा विचारही तालमीत यावा लागतो. नानेटचे वडील योहान आंद्रेआस श्टाइन यांनी बनवलेल्या पियानोंचे मोझार्टने मनापासून कौतुक केले. त्या काळच्या पियानोची पट्टी हलकी, सूर लवकर विरणारा, आणि सूर लांबवणाऱ्या आजच्या पायपेडलचे काम गुडघ्याने दाबायची तरफ करी. आजचा ८८ पट्ट्यांचा पियानो फार भरदार आहे. म्हणून के. ३०९ शिकवताना पेडल जपून वापरायला सांगावे लागते, आणि पहिल्या भागाच्या सुरुवातीचा ठणठणीत फोर्ते लगेच येणाऱ्या हळुवार उत्तराला गिळणार नाही हे पाहावे लागते. तोच दमदार विषय, त्याला फुलवत नेणाऱ्या मधल्या विकासखंडाच्या आरंभी, मायनरमध्ये म्हणजे अधिक गडद छटेच्या सप्तकात येतो. आता प्रकाश का बदलला, हे शिष्याने स्वतःच्या तोंडून सांगावे. गुरूने वाजवून दाखवले की नक्कल येते, समज येईलच असे नाही.

मुंबई, पुणे व गोव्यात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची तयारी करणारी मुलेही सोनाटा शिकतात. परीक्षेच्या घाईत खुणा शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याचा मोह तेथेही मोठा असतो.

६ डिसेंबरच्या पत्रात रोझाने सोनाटा उत्तम वाजवल्याची नोंद आहे. घाईने वाजवू नये असा जो आंदांते, तो ती पूर्ण भाव ओतून वाजवते, असे मोझार्टने लिहिले. मार्च १७७८ मध्ये तो पॅरिसला निघण्यापूर्वी त्याची तीन पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठीची कॉन्चेर्तो ही रचना मानहाइममध्ये तीन तालमींनंतर सादर झाली. पहिल्या पियानोवर रोझा होती.