लॉजमध्ये सभासद वाढणं वेगळं, बंधुभाव वाढणं वेगळं

फ्रीमेसन ही पुरुषांची जुनी बंधुभावाची संघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. अशा लॉजचं वर्ष संपत आलं की सेक्रेटरी विवरण तयार करायला बसतो. जुने सभासद किती, नवे किती आले, किती सोडून गेले, वर्गणी कुणाची थकली. एकूण आकडा मागच्या वर्षीपेक्षा वर दिसला की सगळ्यांना बरं वाटतं आणि कुणीतरी म्हणतंच, "यंदा आपला लॉज चांगला वाढला बरं का." विदर्भातल्या तालुक्यांतून नागपूरला सभेसाठी जाणाऱ्या आम्हा मंडळींत हा विषय निघाला की दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते: सभासदवाढ आणि बंधुभाव. पहिली झाली म्हणजे दुसरीही झालीच, असं धरून चालतात. तसं होत नाही. आणि जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात त्या तालुक्याच्या गावात या गैरसमजाचा फटका लवकर बसतो.

ज्यांना ही संस्था माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिला ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजवरची वरिष्ठ संस्था, स्थापन केला. पुढं इंग्रजांच्या पलटणी, व्यापारी आणि अधिकारी यांच्याबरोबर लॉज हिंदुस्थानात आले. इथले लॉज बराच काळ इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रँड लॉजच्या हाताखाली होते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही आपली स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, झाले. सभासद होणारा पुरुष सज्ञान असावा, त्याची चालचलणूक चांगली असावी आणि परमेश्वरावर त्याची श्रद्धा असावी. धर्म कुठलाही चालतो. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि ज्याची ज्या ग्रंथावर श्रद्धा, त्यावर हात ठेवून तो शपथ घेतो. सभेत धर्म आणि राजकारण या विषयांवर वाद घालायला सक्त मनाई.

गावाकडं लॉजला लायन्स किंवा रोटरीच्याच रांगेत बसवतात. थोडं नातं आहेही. १९१७ मध्ये लायन्स सुरू करणारे मेल्विन जोन्स स्वतः फ्रीमेसन होते. पण क्लबचा जोर सेवेच्या उपक्रमांवर असतो आणि सभासद वाढवणं हे तिथं उघड उद्दिष्ट असतं, त्यात वावगं काही नाही. लॉजची जुनी रीत वेगळी. इथं दारोदार जाऊन माणसं गोळा करत नाहीत. ज्याला यावंसं वाटतं त्यानं स्वतः विचारायचं, आणि आपण पैशाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या फायद्यासाठी येत नाही हे लिहून द्यायचं. मग एक सभासद त्याचं नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, चौकशी होते आणि शेवटी गुप्त मतदान. पेटीत पांढरी गोटी पडली तर होकार, काळी पडली तर नकार.

आता यात सभासदवाढ नेमकी कुठं होते ते बघा. नव्या माणसाचा पहिला विधी, म्हणजे पहिली पायरी, झाला, त्याचं नाव वहीत चढलं, त्यानं पैसे भरले, संपलं. त्या एका संध्याकाळी आकडा एकानं वाढला. बंधुभावाच्या बाजूनं बघितलं तर त्या संध्याकाळी अजून काहीच झालेलं नसतं. आत आलेल्याला कुणाचं नाव धड आठवत नाही, विधीतलं निम्मं त्याला कळलेलं नसतं, आणि शेजारी बसलेले गृहस्थ त्याला पुढच्या वेळी ओळख देतील की नाही याचीही त्याला खात्री नसते. पुढं दुसरी आणि तिसरी पायरी असते. प्रत्येक पायरीआधी त्याला काही प्रश्नोत्तरं पाठ करावी लागतात. ती पाठ करून घेण्यासाठी कुणीतरी अनुभवी सभासद त्याच्यासोबत बसतो, आणि बंधुभावाची खरी सुरुवात इथून होते. हिंगणघाटचा एखादा दुकानदार आणि आर्वीचा निवृत्त मास्तर रविवारी दुपारी ओसरीवर बसून ती उत्तरं घोकतात. अधूनमधून पऱ्हाटीला यंदा भाव काय मिळेल, पोरीचं लग्न कुठं जमलं, यावर गाडी घसरते. हे घसरणं फार मोलाचं असतं. ज्या लॉजमध्ये उत्तरं छापील कागदावर देऊन "वाचून ये" म्हणतात, तिथं आकडा वाढतो आणि माणूस बाहेरचाच राहतो.

अमेरिकेचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं लॉजमध्ये रीघ लागली आणि १९५९ च्या सुमारास सभासदसंख्या ४१ लाखांवर गेली. त्यानंतर ती उतरतच गेली आणि आज दहा लाखांच्याही खाली आहे. या घसरणीला कारणं अनेक: पिढी बदलली, शहरं पसरली, संध्याकाळ घालवण्याचे प्रकार बदलले. पण उतार थांबवण्यासाठी तिथल्या काही ग्रँड लॉजनी जो उपाय केला तो आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. एका मोठ्या सभागृहात शेकडो माणसं एकत्र बसवून तिन्ही पायऱ्या एकाच दिवसात उरकायच्या. यावर तिथं आजही दोन तट आहेत. बाजूनं बोलणारे सांगतात की यामुळं वेळ नसलेली चांगली माणसं आत आली. असतीलही. पण मला यात सभासदवाढीलाच बंधुभाव समजण्याची गफलत स्पष्ट दिसते. ओसरीवरचा तो रविवार त्या एका दिवसाच्या कार्यक्रमात कुठं बसवणार?

याचा अर्थ आकड्याला किंमत नाही असा कुणी काढू नये. लॉजमध्ये जुना दंडक आहे की तिघं लॉज चालवतात, पाच जण तो धरून ठेवतात आणि सात जण झाले की तो पूर्ण होतो. माणसं कमी पडली तर काम अडतं, मग बंधुभाव कितीही असो. कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याकडची मंडळी येत नाहीत, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की वयस्कर लोक घराबाहेर पडत नाहीत, आणि लग्नसराई तर सगळ्यांनाच गाठते. अशा वेळी पट मोठा असेल तर लॉज तगतो. शिवाय भाड्याचा, विजेचा, देखभालीचा खर्च वर्गणीतूनच निघतो. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, आकड्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल आहे.

मग बंधुभाव ओळखायचा कसा? त्याची वही नसते. पण तालुक्याच्या गावात तो दिसण्याची एक जागा नेमकी आहे: निवडणूक. बाजार समितीची, सोसायटीची, पंचायतीची. आमच्याकडं कोण कुठल्या गटाचा हे लहान पोरही सांगेल. दोन जिनिंगवाले समोरासमोरच्या पॅनलमधून उभे आहेत, प्रचारात एकमेकांचं उणंदुणं काढून झालं आहे, आणि महिन्याच्या सभेला दोघांनाही एकाच गाडीतून नागपूर गाठायचं आहे. आत राजकारणाची बंदी असते ती नियमानं. गाडीत कुठलाच नियम नसतो. तिथं दोघं बोलले, रस्त्यात चहाला उतरले, एकानं दुसऱ्याचा चहा दिला, तर समजावं की लॉजनं काहीतरी कमावलं. आणि दोन गाड्या करून गेले तर पटावर पन्नास नावं असोत की शंभर, हिशोब तोच. सभेत एकमेकांना "ब्रदर" म्हणायचं आणि गावात आल्यावर रस्ता बदलायचा, असंही चालतं. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

दुसरी जागा म्हणजे सभेनंतरचं जेवण. लॉजच्या परंपरेत हे जेवण विधीइतकंच जुनं आहे, त्याला फेस्टिव्ह बोर्ड म्हणतात. त्यात ठरलेल्या क्रमानं शुभेच्छा दिल्या जातात. पाहुण्यांसाठी, गैरहजर बांधवांसाठी, आणि सर्वांत शेवटी जगात कुठंही अडचणीत सापडलेल्या फ्रीमेसनसाठी, की त्यांचे हाल लवकर संपोत आणि त्यांना घरी सुखरूप पोचता येवो. ही शेवटची शुभेच्छा ऐकायला खेड्याकडचे सभासद बहुधा नसतात. सभा उशिरा संपते, गावाला जायला दीड-दोन तासांचा रस्ता, शेवटची एसटी गेलेली, सकाळी मजूर शेतावर येणार. मग विधी झाला की शहरातले जेवायला बसतात आणि तालुक्याकडचे पाणी पिऊन निघतात. हजेरीपटावर दोघंही हजर. पण आठवड्याभराचं बोलणं, हसणं, एखाद्याची अडचण सहज कानावर पडणं, हे सगळं ज्या टेबलावर होतं तिथं अर्धा लॉज नसतोच. याला उपाय सोपा आहे आणि तो मी जमेल तिथं सांगत असतो. सभा दुपारी ठेवा, किंवा जेवण आधी उरका. वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी मिळून खेड्यातल्या सभासदाच्या शेतावर यावं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून त्यावर तुपाची धार, सोबत घट्ट वरण आणि वांग्याची भाजी, आणि बायका-मुलांसकट सगळे झाडाखाली पंगतीत. लॉजमध्ये फक्त पुरुष असतात, पण ज्या घरातून माणूस महिन्याला एक अख्खी संध्याकाळ काढून येतो त्या घरालाही आपण कुणात जातो हे कळायला हवं.

तिसरी जागा कुणाच्या नजरेत येत नाही. प्रत्येक लॉजमध्ये ऑल्मोनर नावाचा पदाधिकारी असतो. आजारी सभासदांची विचारपूस, अडचणीत असलेल्यांना मदत, दिवंगत सभासदांच्या पत्नीची खबरबात, ही त्याची कामं. नवा सभासद आला की त्याचं नाव मोठ्यानं वाचलं जातं, ऑल्मोनरचं काम मात्र मुकाट्यानं चालतं आणि चालायलाही हवं. तरीही लॉजची प्रकृती मला विचाराल तर मी सेक्रेटरीकडं न जाता ऑल्मोनरकडं जाईन. दोन वर्षांमागं वारलेल्या सभासदाच्या घरी दिवाळीआधी फोन गेला का? त्या माउलीनं वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयाचे किती खेटे एकटीनं घातले आणि किती वेळा कुणी सोबत होतं? ज्या लॉजमध्ये याचं उत्तर लगेच मिळतं तो पटानं लहान असला तरी मला मोठा वाटतो.

इथं एक धोकाही सांगायला हवा, कारण बंधुभावाची बाजू घेणारे तो लपवतात. जुन्या मंडळींचा कंपू हा बाहेरून बंधुभावासारखाच दिसतो. तेच दहा-बारा चेहरे, तेच विनोद, तीच बसायची जागा. एकमेकांवर जीव खराच असतो. पण नवा माणूस आला की गप्पा थांबतात आणि एखाद्याच्या जातीवरून किंवा धंद्यावरून कुजबुज सुरू होते. काळ्या गोटीचा अधिकार वाईट चालीच्या माणसाला दूर ठेवण्यासाठी आहे. तो "आपल्यातला नाही" म्हणून वापरला जाऊ लागला तर लॉज दहा वर्षांत म्हाताऱ्यांचा होतो आणि मग सात जणही जमत नाहीत. कंपू आणि बंधुभाव यांतला फरक बघायचा असेल तर नव्या सभासदाच्या दुसऱ्या सभेला त्याच्याकडं लक्ष द्या. पहिल्या सभेला सगळेच त्याचा हात हातात घेतात. दुसऱ्या सभेला तो एकटा उभा दिसला, तर आतली मंडळी एकमेकांपुरती बांधव आहेत.

तर वर्षाला किती सभासद घ्यावेत? हा प्रश्न मला तालुक्याकडचे तरुण विचारतात, कारण त्यांच्या ओळखीत डॉक्टर, कृषी केंद्रवाले, प्राध्यापक अशी उत्सुक मंडळी असतात आणि सगळ्यांना एकदम आणावं असा त्यांना हुरूप असतो. इथं साधा हिशोब मांडावा. लॉजची सभा महिन्यातून एकदा, सुट्टीचे महिने वगळले तर वर्षाला दहाएक सभा. एका माणसाच्या तीन पायऱ्या म्हणजे तीन विधी, आणि एक विधी नीट केला तर पूर्ण संध्याकाळ खातो. तीन माणसं वेगवेगळी घेतली की नऊ संध्याकाळी गेल्या. उरलेली एक पदग्रहणाला. म्हणजे कुणी काही वाचून दाखवावं, विधीचा अर्थ समजावून सांगावा, जुन्या सभासदानं दोन शब्द बोलावेत, यासाठी वर्षात एकही सभा शिल्लक राहत नाही. दोघांचा विधी एकत्र करून वेळ वाचवता येतो, पण मग त्या दोघांसोबत रविवारी बसायला दोन माणसं मोकळी हवीत आणि ती त्यांच्या गावाजवळची हवीत. नागपूरचा मार्गदर्शक वणीच्या माणसाला देऊन भागत नाही. म्हणून आधी त्या भागात हे काम अंगावर घेणारा सभासद कोण आहे ते ठरवावं, आणि जेवढे असे सापडतील तेवढीच नावं त्या वर्षी सुचवावीत. बाकीच्यांना सांगावं की पुढच्या वर्षी नक्की, तोवर शेतावरच्या जेवणाला या.