गोरेपणाची जाहिरात : रविवर्मा छापखान्यापासून मोबाइलच्या फिल्टरपर्यंत

जून २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून टाकण्याची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात ‘ग्लो अँड लव्हली’ हे नवे नाव जाहीर झाले. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर उसळलेल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाशी या निर्णयाचा संबंध जोडला गेला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. परंतु आपल्याकडच्या सावळ्या मुलीला स्वतःच्या रंगाची लाज वाटायला लावणाऱ्या चित्रांचा इतिहास इथलाच आहे आणि तो या क्रीमहूनही बराच जुना आहे.

उजळ रंगाची ओढ माध्यमांनी जन्माला घातली, असे म्हणता येणार नाही. उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा यांच्यातला भेद, जातीच्या उतरंडीशी रंगाची घातलेली सांगड, पुढे गोऱ्या राज्यकर्त्यांचा दबदबा, अशी तिची अनेक मुळे सांगता येतात. याच समाजाने सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळे भरून पाहिले, हेही तितकेच खरे. छापील चित्राने मात्र एक नवी गोष्ट केली : एकच चेहरा एकाच वेळी हजारो घरांत नेला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावर चित्र काढून त्याच्या प्रती छापण्याचा, कारखाना काढला आणि नंतर तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत आणि दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या, नितळ कांतीच्या या देवता पुढे दिनदर्शिकांवर आणि मालाच्या वेष्टनांवरही दिसू लागल्या.

रंगभूमीचा प्रभावही असाच खोलवर गेला. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब, त्यांची नथ आणि केसांतली फुले यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. स्त्रीने कसे दिसावे याचा वस्तुपाठ एका पुरुष नटाने घालून दिला होता आणि तो कौतुकाने गिरवला जात होता. १९१९ मध्ये मुंबईतच ‘अफगाण स्नो’ हे क्रीम बाजारात आले. १९४१ मध्ये लीला चिटणीस ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातीत झळकल्या आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. तारकेची कांती आणि दुकानातली वडी यांचे नाते इथे जुळले, ते आजतागायत तुटलेले नाही.

एका तांत्रिक गोष्टीची दखल इथे घ्यायला हवी, कारण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. रंगीत फिल्म धुऊन छापताना रंग बरोबर उतरले की नाही हे ताडण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जे नमुना-छायाचित्र पुरवत असे, त्यात अनेक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. फिल्मची जुळणी तिच्या त्वचेवरून ठरे, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यांवरचे बारकावे छायाचित्रात नीट उतरत नसत. सावळा चेहरा कॅमेऱ्यात उठून दिसत नाही, हे पुष्कळांनी गृहीतच धरले होते, पण त्यातला काही दोष चेहऱ्याचा नसून फिल्मचा होता. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या सावळ्या स्मिता पाटील यांनी पुढे चित्रपटांत जे काम केले, ते पाहिल्यावर हा समज किती पोकळ होता हे कळते.

‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आले आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. क्रीममधला मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. तो त्वचेतील रंगद्रव्याचे कण वरच्या पेशींत जाण्याचा वेग कमी करतो, तर सोबतचे सूर्यकिरणरोधक घटक उन्हाने येणारा काळपटपणा थोपवतात. जन्मतः लाभलेला रंग यापैकी कशानेही बदलत नाही. जाहिरात मात्र नेमके तेच सुचवत राहिली. मुलगी खिन्न आहे, लग्न जमत नाही किंवा नोकरी मिळत नाही. कोणीतरी तिच्या हाती ट्यूब देते. मग तिचे चेहरे ओळीने सरकतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा उजळ. आणि शेवटी तोच नकार देणारा माणूस तिच्याकडे वळून पाहतो. वेष्टनातूनही रंगछटांची पट्टी मिळे. ती गालाशी धरून आपण किती पायऱ्या वर चढलो हे पाहायचे, म्हणजे शाळकरी मुलीच्या हाती स्वतःचे उणेपण मोजायची फूटपट्टीच दिली गेली. ही पट्टी आणि वेष्टनावरचे सावळ्या-उजळ अशा दोन चेहऱ्यांचे चित्र कंपनीने २०१९ मध्ये काढून टाकले. मला हा बदल नाव बदलण्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९९१ नंतर परदेशी प्रसाधनांना बाजार मोकळा झाला, १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी जागतिक सौंदर्यस्पर्धा जिंकल्या आणि उपग्रह वाहिन्यांमुळे जाहिरातींचा मारा कैक पटींनी वाढला. मुलगा असता तर बरे झाले असते असे वाटणाऱ्या बापाची मुलगी क्रीम लावून हवाई सुंदरी होते, अशी एक जाहिरात त्या काळात गाजली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तिच्याविरुद्ध राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत तक्रार नेली आणि २००३ मध्ये अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २००५ मध्ये इमामी कंपनीने पुरुषांसाठी गोरेपणाचे क्रीम आणले आणि तोवर सुटलेला अर्धा समाजही या न्यूनगंडाचा गिऱ्हाईक झाला. त्वचेच्या रंगावरून कोणाला कमी लेखू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घालून दिली.

दरम्यान माध्यम हातात आले. वृत्तपत्रातल्या ‘वधू पाहिजे’च्या रकान्यातील ‘गोरी, गृहकृत्यदक्ष’ ही अट विवाह-संकेतस्थळांवर निवडीचा रकाना बनली. ‘शादी डॉट कॉम’ने तो २०२० मध्ये, ऑनलाइन निवेदनानंतर, काढला. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा न विचारताच चेहरा उजळून दाखवू लागला. पूर्वी तुलना तारकेशी होती, आता ती स्वतःच्याच उजळवलेल्या छायाचित्राशी होते, आणि आरशात ते कधीच सापडत नाही.

या ओढीची किंमत केवळ मनाला मोजावी लागत नाही. अकोल्यातील एका कुटुंबातील मायलेकींना ब्यूटीशियनकडून घेतलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. स्टेरॉइडयुक्त मलमे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेऊन महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते, लाल पडते, मलम थांबवताच भडकते, असे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात दुरुस्ती सुचवणारा मसुदा प्रसिद्ध केला. गोरेपणाचे दावे करणाऱ्या औषधी जाहिरातींना त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड प्रस्तावित होता. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने इमामीला सुमारे १५ लाख रुपयांचा भुर्दंड ठोठावला. तक्रारदाराने पुरुषांसाठीच्या त्याच क्रीमची ७९ रुपयांची ट्यूब घेऊन, सांगितल्याप्रमाणे वापरून, आपण गोरे झालो नाही, एवढेच म्हटले होते. तक्रार २०१३ ची होती.