पाकीट पोस्टात टाकलं म्हणून गेम सुरक्षित होत नाही

मित्रासोबत छोटा गेम बनवायला घेतला की एक सल्ला हमखास येतो: कल्पना कागदावर लिहून स्वतःलाच पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, कॉपीराइट तुमचा.

सल्ला कळकळीचा असतो, पण भारतीय कायद्यात याला आधार नाही. शिक्क्यावरून फार तर पाकिटाची तारीख कळते. उघडं पाकीट पाठवून आत कागद नंतरही घालता येतो. कॉपीराइट अधिनियम, 1957 काढून पाहा, मजकूर ऑनलाइन फुकट मिळतो. कलम 2(ओ) नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती, आणि हक्क कृती तयार होताच मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षणच नाही. ‘उलटं गुरुत्वाकर्षण असलेला कोडी-गेम’ कुणीही बनवावा. तुमचा कोड आणि चित्रं उचलू नयेत, इतकंच.

खरी गोची दोघांतच असते. कोड तुमचा, चित्रं मित्राची, तर सहसा हक्कही तसेच विभागलेले. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नाही, तर ती पाचच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. गेम जगभर विकायचा असेल, तर ही ओळ आधी तपासा.