ईएसपी आणि एफजीडी: चिमणीतून धूर दिसत नाही म्हणजे नेमकं काय अडलं?

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांबद्दल बोलताना ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) आणि एफजीडी (फ्लू गॅस डिसल्फरायझेशन) ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्ही यंत्रणा चिमणीच्या आधी बसतात आणि प्रदूषण अडवतात. पण वेगवेगळं.

ईएसपी राख पकडतो. भट्टीतून आलेल्या राखेच्या कणांना विजेचा भार देऊन तो ते धातूच्या पत्र्यांवर ओढून घेतो; पत्रे ठोकले की राख खाली पडते. आपल्या कोळशात राख बहुधा ३० ते ४० टक्के असते. नीट चालणारा ईएसपी त्यातून उडणारी ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवतो. (पकडलेली राखही सांभाळावी लागते: जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला.)

सल्फर डायऑक्साइड मात्र वायू आहे. त्याला रंग नाही, तो पत्र्यांना चिकटत नाही आणि ईएसपीतून सरळ बाहेर पडतो. त्याच्यासाठी एफजीडी लागतो: चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारायचा, वायू त्यात मुरतो आणि जिप्सम तयार होतं. गंमत म्हणजे अशा चिमणीतून दाट पांढरी वाफ निघते, ती पाहून लोकांना प्रदूषण वाढलं असं वाटतं. डोळ्यांवर विसंबून इथे निवाडा करता येत नाही.

७ डिसेंबर २०१५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेतही या दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत. २००४ ते २०१६ दरम्यान उभारलेल्या ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्या वीजनिर्मिती संचांना दर घनमीटरला कणांसाठी ५० आणि सल्फर डायऑक्साइडसाठी २०० मिलिग्रॅम. म्हणून जनसुनावणीत 'यंत्रणा बसवली आहे' असं उत्तर मिळालं, तर कोणती, हे विचारायलाच हवं.

वाद एफजीडीचा आहे. तो बसवण्याच्या मुदती पुन्हापुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी आणि शहरांच्या हवेत हा वायू मर्यादेच्या आत, हा युक्तिवाद. आधाराला जे अभ्यास दिले, त्यांत आपल्या नागपूरच्या नीरीचाही (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे. आकडे खरे आहेत, पण मला हा युक्तिवाद पटत नाही. हा वायू हवेत वाहता वाहता सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो आणि मग पीएम २.५ मध्ये, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांमध्ये, मोजला जातो. वायू मोजणाऱ्या यंत्राला तो सापडणारच नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूर आहे, ते कणांमुळेच.

नव्या नियमात दहा लाखांहून मोठ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर सक्ती आहे. चिमण्या उंच बांधतात त्या वायू दूर जावा म्हणूनच, मग १० किलोमीटरची रेघ कशाच्या आधारे? एनटीपीसीचं मौद्याचं केंद्र त्या रेघेच्या कितीतरी पलीकडे आहे. वारा पूर्वेचा असला की त्याच्या वाटेत नागपूरच येतं.